कालच्या तारखेचं पान

आमच्या लॅबमध्ये रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं आणि ते फाडण्याचा हक्क फक्त धुमाळजींचा होता. मी नोकरीला लागले त्या आठवड्यात एकदा लवकर पोचले आणि चांगुलपणाने कालचं पान फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. धुमाळजी आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, वाकून पान उचललं, बोटाने सरळ केलं आणि खिशात ठेवलं. "वैशालीताई, तुम्ही नवीन आहात म्हणून काही बोलत नाही," ते म्हणाले. "पण हा माझा कच्चा माल आहे."

माणूस जरा सरकलेला दिसतो, असं मी घरी जाऊन सुहासला सांगितलं. सुहास माझा नवरा. तोही हसला. त्या पानाची गाठ पुढे त्याच्याच हाताशी पडणार आहे हे ठाऊक असतं, तर मी काही इतकी हसले नसते.

इंदूरच्या तुकोगंजात खाली दुकानं आणि वर डॉक्टरच डॉक्टर अशा एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर आमची पॅथॉलॉजी लॅब. काउंटरवर मी. नाव, वय, मोबाईल नंबर, "फास्टिंग आहे ना, चहा तर नाही घेतला?" हे सकाळी सातपासून विचारायचं, आणि नाही म्हणणाऱ्याच्या मिशीला साय लागलेली असली तर ती त्याला दाखवायची. पडद्यामागच्या केबिनमध्ये धुमाळजी. रक्त काढायचं काम त्यांचं. उंच, काटकुळे, पांढऱ्या कोटाच्या बाह्या मनगटापर्यंत कधीच न पोचलेल्या. त्यांचे पणजोबा संस्थानी घोडदळात होते हे ते प्रत्येक नव्या माणसाला पाच मिनिटांत सांगायचे, आणि सहाव्या मिनिटाला हेही सांगायचे की पणतू दोनदा सायकलवरून पडलाय, आणि दोन्ही वेळा सायकल स्टँडवर होती. हात मात्र असा की रडायची तयारी करून आलेली पोरं सुई निघून गेल्यावर विचारायची, "अंकल, कब लगाओगे?" चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, शिरा राहत. वर्षभराने आलेल्या माणसाकडे ते परक्यासारखं बघायचे, त्याने बाही वर केली की म्हणायचे, "अच्छा, तुम्ही होय. बसा, बसा."

आता त्या पानाचं सांगते. ज्याच्या फॉर्मवर लिव्हरच्या तपासण्या लिहिलेल्या असत, किंवा ज्याच्याबद्दल धुमाळजींना आपलं उगीच काही वाटे, त्याचं रक्त काढून झालं की ते इंदुरी थाटात भैयाचा भिया करून म्हणायचे, "भिया, एक मिनिट. दोन्ही हात समोर करा. बोटं फाकवा. मान खाली नका घालू, तुम्हाला बघायला नाही आले." आणि त्याच्या पालथ्या पंजावर कालच्या तारखेचं पान ठेवायचे. एवढंसं, पातळ, तिथी-वाराचं पान. ज्याचा हात स्थिर, त्याच्या हातावर ते गुमान पडून राहायचं. रोज पिणाऱ्याचा हात सकाळी, अंगात थेंब नसताना, बारीक थरथरतो. त्याला स्वतःला ते दिसत नाही, घरच्यांनाही दिसत नाही. पण पान हलायला लागतं.

आणि पान हललं की जवळजवळ प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलायचा, "वो तो पंखे की हवा है." वकील असो, मास्तर असो, कारखानदार असो, वाक्यात फरक नाही. "सही बात है," धुमाळजी म्हणायचे, आणि मग पडद्यामागून हाक यायची, "ताई, पंखा." कारण केबिनमधल्या पंख्याचं बटण माझ्या काउंटरमागच्या बोर्डावर होतं, वायरिंग करणाऱ्याची अक्कल, दुसरं काय. मी बटण बंद करायची. मग आत एकदम शांतता. मे महिन्याच्या गर्मीत दोन बाप्ये घामाने निथळत एका चिटोऱ्याकडे टक लावून बसलेत, या विचाराने मला काउंटरवर हसू आवरायचं नाही आणि समोरचा पेशंट बिचारा आपलंच काही चुकलं म्हणून शर्टाची बटणं तपासायचा. पंखा थांबायचा, पान थांबायचं नाही. "मी डॉक्टर नाही," धुमाळजी म्हणायचे, "मी फक्त पान ठेवतो. डॉक्टर वर आहेत."

पहिल्या मजल्यावर व्यसन सोडवणारे डॉक्टर बसत. धुमाळजी माणसाला लिफ्टने जाऊ द्यायचे नाहीत, जिन्याने न्यायचे. लिफ्टसाठी बाहेर रस्त्यावरून जावं लागे, आणि रस्ता दिसला की माणूस पळतो, हा त्यांचा अनुभव होता. स्वतःचाच.

हो, स्वतःचाच. धुमाळजी एके काळी प्यायचे, आणि चांगले दणकून प्यायचे. हे त्यांनी कधी लपवलं नाही. उलट आपल्या फजितीच्या गोष्टी ते अशा रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, आपण कशाला तरी मुकलो. एकदा म्हणे ते शेजाऱ्यांच्या घरात शिरले, ताटावर बसले, जेवले, आमटीत मीठ कमी आहे म्हणून शेजारीणबाईंवर रागावले आणि हात धुऊन जाताना, "पुन्हा असं नको," अशी ताकीद देऊन गेले. "आणि बाई इतक्या भल्या, की दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर होतं." दुसऱ्या दिवशी परत का गेलात, असं मी विचारलं. "आमटी चांगली होती ना," ते म्हणाले.

लिव्हरबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "फार सज्जन अवयव, ताई. दात लगेच बोंबलतो, पोट बोंबलतं. लिव्हर मुकाट्याने सोसतं. अर्ध्याच्या वर कामातून गेलं तरी ब्र काढत नाही. जुन्या काळच्या सुनेसारखं." मी म्हटलं, "जुन्या काळच्या सुनासुद्धा सांगायच्या, धुमाळजी. ऐकायला कुणी बसलेलं नसायचं." दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी दुरुस्ती जोडून तेच वाक्य एका पेशंटला ऐकवलं. माझं नाव न घेता.

त्यांच्या शिरा ओळखण्याचा एकदा फार मजेदार उपयोग झाला. एक नमकीनवाले सेठजी होते. डॉक्टरांनी दारू बंद सांगितलेली, आणि सेठाणीबाई इतक्या कडक की दर तीन महिन्यांनी लिव्हरचा रिपोर्ट मागायच्या आणि तो फ्रिजवर लावायच्या. एका सकाळी सेठजींच्या नावावर रक्त द्यायला त्यांचा साळा आला. कांदा-लसूण न खाणारा, कपाळाला टिळा, सगळ्या नात्यात पुण्यवान म्हणून प्रसिद्ध. सेठजी स्वतः बाहेर गाडीत बसलेले. धुमाळजींनी बाही वर केली आणि म्हणाले, "ही नस सेठजींची नाही. पण आलाच आहात, तर हात समोर करा."

ते त्या माणसाकडे आल्यापासून बघत होते म्हणे. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, आणि ऐन जूनमध्ये हातावर काटा. पान नुसतं थरथरलं नाही, उडालं. "पंखा," असं तो म्हणणार तोच धुमाळजींनी विचारलं, "खोकल्याचं औषध किती?" माणूस पहिल्यांदा म्हणाला दोन चमचे. मग म्हणाला एक बाटली. मग खाली बघून तीन म्हणाला. रोज. चार वर्षं. "पर वो तो दवाई है ना, दुकान से आती है." दुकानातून आलेलं औषधसुद्धा असं अंगवळणी पडतं की एक दिवस नाही घेतलं तर हाडं दुखतात, झोप येत नाही, आणि जास्त झालं तर झोपेतच श्वास थांबतो, हे मला त्या दिवशी कळलं. त्या कफ सिरपच्या आणि जागायच्या गोळ्यांच्या नादाला लागलेली पलासियाच्या कोचिंग क्लासची पोरं पुढे धुमाळजींनी मला लांबून ओळखायला शिकवली.

सेठजींना आत बोलावलं. ते साळ्याकडे बघतच राहिले. "अरे, तू तो मेरे से भी आगे निकला," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि सुटका जास्त होती. दोघं जिन्याने वर गेले. पुढे दोघंही सोबतच यायचे आणि आपापलं रक्त द्यायचे.

इंदूरजवळच्या बेटमा गावच्या माणसाची गोष्ट मात्र अशी हसत हसत नाही सांगता येत, जरी सुरुवात हसण्यासारखीच होती. धान्याचे व्यापारी. रोजची अर्धी बाटली, वर्षानुवर्षं. घरच्यांनी एक दिवस ठरवलं, आता बस. बाटल्या फोडल्या आणि त्यांना खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली. तिसऱ्या दिवशी ते सांगायला लागले की अंगणात बारात आली आहे आणि कोणी पाणीसुद्धा विचारत नाही. बायको इतकी साधी, तिने दोन वेळा चहा करून अंगणात नेला. मग भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं ताप डोक्यात गेला, आणि तापाची तपासणी करायला म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं.

धुमाळजी पडदा सारून बाहेर आले, त्यांनी नुसतं पाहिलं. पान काढलंच नाही. "बंद करून किती दिवस झाले?" तीन, असं कळल्यावर त्यांनी त्या माणसाला दंडाला धरून गाडीत घातलं आणि कोटासकट स्वतः बसून हॉस्पिटलला गेले. रस्त्यात त्या व्यापाऱ्यांना आकडी आली. वाचले, पण थोडक्यात वाचले. धुमाळजी परत आले तेव्हा कोटाला उलटी लागलेली होती. "ताई, एक लक्षात ठेवा," ते म्हणाले, आणि त्या वेळी त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. "रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडायची नसते. शरीर उलटतं, माणूस जातो. डॉक्टरांच्या हाताखाली, औषधं देऊन सोडवायची." मी मान डोलावली. मला काय करायचं होतं लक्षात ठेवून. आमच्या घरी कुठे कोण पीत होतं.

सुहास शनिवारी घ्यायचा, मित्रांबरोबर. इतकंच मला माहीत होतं. तो पलासियाला एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. टार्गेट, मीटिंग, घरी यायला उशीर, आल्यावर बडीशेप. बडीशेप मला आवडायची. मी म्हणायची, किती छान सवय आहे.

एप्रिलचा पहिला रविवार. कूलर काढायचा दिवस. इंदूरच्या घराघरात तो ठरलेलाच असतो. बाल्कनीतल्या कूलरची जाळी मी उघडली, जुनी खस बाहेर ओढली, आणि खालच्या टाकीत तीन बाटल्या. दोन रिकाम्या, एक अर्धी. अख्खा हिवाळा माझा नवरा बाल्कनीत ताजी हवा खायला जात होता. मी काही आरडाओरडा केला नाही. अर्धी बाटली त्याच्यासमोर बेसिनमध्ये ओतली, तीनही बाटल्या फोडल्या आणि म्हटलं, आजपासून संपलं. तो "हो" म्हणाला. लगेच हो म्हणाला. मला वाटलं, घ्या, किती सोपं होतं.

सोमवारी सकाळी लॅबमध्ये पोचले आणि पहिला पेशंट यायच्या आत हे सगळं धुमाळजींना सांगून टाकलं. जरा ऐटीतच सांगितलं असेन. धुमाळजी ऐकत होते. "कूलरमध्ये," ते म्हणाले, "डोकं चांगलं आहे. मी गिझरच्या मागे ठेवायचो, लेबलं सुटायची." आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "ओतून किती तास झाले?"

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

त्यांना माहीत होतं. आठ महिन्यांपूर्वी सुहासच्या ऑफिसात तपासणीचं शिबिर झालं होतं, रक्त काढायला धुमाळजी गेले होते. नंबर टाकलेल्या ट्यूबा, त्यामुळे माझ्या काउंटरवर नाव आलंच नाही. सुहासच्या हातावर त्यांनी तिथेच पान ठेवलं होतं. "साहेब, रिपोर्ट घ्यायला स्वतः या," असं सांगितलं होतं. सुहासने शिपाई पाठवला. त्यानंतर तीनदा धुमाळजींनी त्याला फोन केला, दोनदा ऑफिसच्या खाली जाऊन उभे राहिले.

मला जो राग आला तो आजही आठवतो. आठ महिने हा माणूस माझ्या डब्यातली भाजी खात होता. माझ्या नवऱ्याचं लिव्हर कसं आहे हे याला माहीत, आणि मला मेलीला बडीशेपेचा वास आवडतोय. मी नको नको ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रिपोर्ट पेशंटचा असतो, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं असतं, तर उद्या कोण माझ्यासमोर हात पुढे करणार? तुम्ही मला शिव्या नंतर द्या, पुष्कळ द्या. आधी घरी चला. बेटमा आठवतं ना?"

बेटमा. अंगणात चहा घेऊन जाणाऱ्या त्या बाईला मी किती हसले होते, आणि तिच्या घरच्यांनी केलं तेच मी केलं होतं, फक्त कडी लावली नव्हती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा सुहास ऑफिसला न जाता डायनिंग टेबलाशी बसला होता. घामाने बनियन भिजलेली, चहा बशीत सांडलेला. धुमाळजींनी खिशातून रविवारचं पान काढलं. सुहासने हात पुढे केला आणि पान टेबलावर, टेबलावरून जमिनीवर. "कूलरची हवा आहे," सुहास म्हणाला. कूलर तर बाल्कनीत पोट फाडून पडला होता. धुमाळजींनी एकदा कूलरकडे पाहिलं, एकदा सुहासकडे. "सही बात है," ते म्हणाले. आणि सुहास रडायला लागला. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्याला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटत होतं आणि एक थोबाडीतही द्यावीशी वाटत होती, आणि यातलं काय आधी करावं हे कळेना.

त्या दिवशी धुमाळजींनी त्याला जिन्याने वर नेलं. दहा-बारा दिवस ॲडमिट, औषधं, सलाईन. मग गोळ्या, मग दर आठवड्याला डॉक्टरांसमोर बसून बोलणं. लिव्हर सुजलेलं होतं, पण अजून सुधारण्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, आता याच्या पुढे एक पेगही नाही. फक्त शनिवारचा, फक्त लग्नातला, काही नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून धुमाळजी सकाळी सहाला आमच्या दारात. बेल वाजवायचे नाहीत, खालूनच "सुहास भिया" अशी हाक. दोघं फिरायला जायचे, पोहे-जलेबी खाऊन परतायचे, मग आमच्या टेबलावर शनिवारचं पान सुहासच्या हातावर. शनिवार कठीण, म्हणून शनिवारचंच. हललं नाही तर धुमाळजी ते पान त्यालाच देऊन टाकायचे. सुहास ती पानं एका स्टीलच्या डब्यात ठेवायचा. पहिल्यांदा मला हे पोरखेळासारखं वाटलं. नंतर मी धुणं घालताना त्याच्या खिशात आधी पान आहे का ते बघायला लागले.

तुमची दारू कशी सुटली, हे सुहासनेच एकदा धुमाळजींना फिरताना विचारलं. मला ते सुहासकडून कळलं. मला धुमाळजींनी फक्त आमटीच्या गोष्टी सांगितल्या. सात वर्षांची एक मुलगी होती, ताप आलेली. धुमाळजींचा हात सकाळचा थरथरत होता. चार वेळा टोचलं, शीर सापडेना. मुलगी रडली नाही. म्हणाली, "अंकल, आप डरो मत." ते सिरिंज ठेवून उठले आणि मॅडमना म्हणाले, माझ्याकडून होणार नाही. आमच्या लॅबच्या मालकीण डॉक्टर, त्या त्यांना स्वतः जिन्याने वर घेऊन गेल्या. मॅडमनीच भिंतीवरचं पान फाडून त्यांच्या हातावर ठेवलं होतं, तेव्हापासूनचं हे पान.

दुसऱ्या वर्षी सुहास एकदा घसरला. धार गावी मामेभावाचं लग्न, मित्रांचा आग्रह. रविवारी सकाळी खालून हाक आली आणि हा पांघरूण घेऊन पडून राहिला. धुमाळजी वर आले, पलंगाच्या कडेला बसले. मी दारात उभी, कधी भांडायला मिळतं याची वाट बघत.

"किती?" धुमाळजींनी विचारलं.

"तीन."

"चौथी का नाही घेतली?"

सुहासने तोंडावरचं पांघरूण खाली केलं. "तुम्ही रविवारी येणार, हे आठवलं."

"मग झालं की. चला, पोहे थंड होतात." पान ठेवलं. थोडं हललं. धुमाळजींनी ते तरीही त्याला दिलं. "हेही ठेवा. डब्यात सगळी शहाणी पानं असली की माणूस बिघडतो." मग सोमवारी डॉक्टरांकडे त्याला घेऊनही गेले. मला भांडायला मिळालंच नाही, आणि खोटं कशाला बोलू, त्याचा मला थोडा राग आला.

गेल्या पावसाळ्यात धुमाळजी बुटांऐवजी चपला घालून यायला लागले. पाय सुजतात, वय झालं, म्हणाले. मग कोटाची बटणं पोटावर लागेनात. माणूस काटकुळा आणि पोट नगाऱ्यासारखं. मला कळायला हवं होतं. लॅबमध्ये बसून मला कळायला हवं होतं. एके दिवशी त्यांनी बाही वर करून मॅडमपुढे हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्हीच काढा. नस बघा, डावीकडची चांगली आहे." मॅडमनी नंतर मला सांगितलं. दारू सोडली तेव्हाच लिव्हर निबर होऊन आक्रसलेलं होतं, ते परत पूर्वीसारखं होत नसतं. सोडली म्हणून इतकी वर्षं मिळाली, नाहीतर तेव्हाच संपलं असतं. आणि हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. दर वर्षी स्वतःची तपासणी करून रिपोर्ट घरी नेत होते.

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. काय माणूस आहे, सगळ्या इंदूरच्या लिव्हरची काळजी आणि स्वतःचं जुन्या सुनेसारखं मुकाट. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "मला सांगायचं तरी." ते म्हणाले, "रिपोर्ट पेशंटचा असतो, ताई." मी त्यांच्या डब्यात बिनमिठाची भाजी ठेवली, आणि त्यांनी ती तोंड वाकडं करून खाल्ली.

शेवटचं पाहिलं ते जानेवारीत, हॉस्पिटलमध्ये. रविवारची दुपार, ऊन पलंगाच्या पायथ्याशी आलेलं, अंगावर दोन ब्लँकेटं. डोळे पिवळे झालेले, बोलणं सावकाश, मधेच सुटायचं. सुहासने पोहे नेले होते, बिनमिठाचे, बिनशेवेचे. एक चमचा खाऊन ते म्हणाले, "हे पोहे नाहीत, ही कोर्टाने दिलेली शिक्षा आहे." मग सुहासला तिथेच बसून संपवायला लावले.

"पान?" त्यांनी विचारलं.

सुहासने खिशातून शनिवारचं पान काढलं आणि स्वतःच्या पालथ्या पंजावर ठेवलं. धुमाळजी उशीवरून मान उचलून बघायला लागले. बराच वेळ बघत होते. मला वाटलं, मधेच त्यांना झोप लागली. पान जागचं हललं नाही. "बढिया," ते म्हणाले. "आता माझ्या हातावर ठेवा."

सुहासने माझ्याकडे पाहिलं.

"ठेवा हो. इतक्या जणांचं बघितलं मी."

त्यांनी हात वर केला. सुहासने पान ठेवलं. हात काही एका जागी राहीना. मनगटातून पंजा खाली पडायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा पडायचा. पान दोनदा उडालं आणि ब्लँकेटवर गेलं. धुमाळजींनी पानाकडे पाहिलं, मग वर छताकडे पाहिलं, आणि त्या पिवळ्या डोळ्यांत ते आमटीच्या गोष्टीचं हसू आलं.

"वो तो पंखे की हवा है, भिया," ते म्हणाले.

"सही बात है," सुहास म्हणाला. आणि त्यांच्यावरची नजर न काढता मला म्हणाला, "वैशाली, पंखा."

जानेवारीचा महिना, पंखा कशाला चालू असेल. मी उठले, दाराजवळच्या बोर्डापाशी गेले आणि ते बंद असलेलं बटण पुन्हा एकदा बंद केलं.